ब्राउझरमधलं एआय बंद केलं तरी पुन्हा सुरू होतं: कुठे तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. यातलं कोणतं दिसतंय ते नीट बघून ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते.

- टूलबारवरचं जेमिनी, कोपायलट किंवा चॅटबॉटचं बटण काढून टाकलं होतं, अपडेटनंतर ते परत आलं.
- पानावरचा मजकूर सिलेक्ट केला की शेजारी छोटं चिन्ह उमटतं, किंवा राइट क्लिकच्या यादीत सारांशाची, ‘चॅटबॉटला विचारा’ अशी ओळ दिसते.
- टॅबचा गट केला की ब्राउझर स्वतःहून त्याला नाव सुचवतो, लिंकवर थांबलं की तिचा सारांश दाखवतो.
- काहीच काम चालू नसताना लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो, किंवा सी ड्राइव्हवरची साधारण ४ जीबी जागा एका दिवसात कमी होते.
- सेटिंगमधलं बटण करडं दिसतं, दाबलं जात नाही.
- दोन लॅपटॉपवर ब्राउझरची आवृत्ती एकच आहे, तरी एकावर एआय दिसतं आणि दुसऱ्यावर नाही.
- सर्चच्या निकालांच्या वर एआयने लिहिलेला परिच्छेद येतो.

या सगळ्याला आपण सरसकट ‘एआय परत आलं’ म्हणतो. पण शेवटचं लक्षण ब्राउझरचं नाहीच, आणि बाकीच्यांची कारणंही वेगवेगळ्या जागी असतात. एक बटण टूलबारवर, एक सेटिंगमध्ये, तेच दुसऱ्या प्रोफाइलमध्ये (एकाच ब्राउझरमधल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात) वेगळं, एक कंपनीच्या सर्व्हरवर आणि एक संगणकाच्या पॉलिसीत, म्हणजे सेटिंगच्याही वर चालणाऱ्या नियमांत. चुकीच्या जागी बंद केलं की ते परत येतंच.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. तुम्ही मार्चमध्ये ‘नको’ म्हणालात ते मार्चमध्ये असलेल्या सुविधेला. मे महिन्यात नवी सुविधा येते ती स्वतःचं नवं बटण घेऊन, आणि ते बटण बहुतेक वेळा चालू असतं. तुमचा जुना नकार तिला लागू होत नाही. यालाच ऑप्ट-आउट म्हणतात: आधी सुरू करायचं, नको असेल तर शोधून बंद करायची जबाबदारी तुमची. ऑप्ट-इनमध्ये आधी विचारतात आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत काहीही चालू होत नाही. वारंवार येणाऱ्या या दोषाचं मूळ बहुतेकदा इथेच असतं, त्यामुळे आपलं काहीतरी चुकलं असं वाटून घेऊ नका.

एक सूचना. खाली ब्राउझरचे आतले पत्ते आणि किल्ल्यांची (म्हणजे आतल्या सेटिंगची) नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत करा. मेनूतली नावंही तुमच्या ब्राउझरच्या भाषेनुसार थोडी वेगळी दिसतील.

१. हे ब्राउझरचं आहे की वेबसाइटचं?

अर्ध्या मिनिटाचं काम, पण हे न करता लोक तासभर सेटिंग उलथंपालथं करत बसतात. सर्च किंवा मेलची साइट सोडून एखादं साधं पान उघडा, वर्तमानपत्राची बातमी चालेल. एआयचं बटण अजूनही पत्त्याच्या पट्टीच्या बाजूला, म्हणजे पानाच्या चौकटीबाहेर दिसत असेल, तर ते ब्राउझरचं. पान बदलताच नाहीसं झालं, तर ते त्या साइटचं.

गूगल सर्चवरचा सारांश गूगलच्या सर्व्हरवर तयार होतो. तुम्ही क्रोम वापरा, फायरफॉक्स वापरा, तो येणारच. निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ हा फिल्टर निवडला की फक्त लिंका दिसतात. डकडकगो सर्चच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एआयची उत्तरं बंद करता येतात. ब्राउझरच्या एआय सेटिंगमध्ये काहीही बदललं तरी या दोन्हीवर परिणाम होत नाही.

२. एक्स्टेन्शन

पीडीएफ वाचणारी, स्पेलिंग तपासणारी, स्क्रीनशॉट काढणारी कितीतरी जुनी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, एका अपडेटमध्ये एआयवाली झाली आहेत. एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन सगळी बंद करा, मग एकेक चालू करत चिन्ह कधी परत येतं ते पाहा. क्रोममध्ये ही चाचणी गेस्ट किंवा इन्कॉग्निटो विंडोत करू नका. तिथे एक्स्टेन्शन्स नसतात हे खरं, पण गूगल खात्याशी जोडलेल्या जेमिनीसारख्या सुविधाही तिथे दिसत नाहीत. चिन्ह गेलं तरी दोष कोणाचा ते कळत नाही. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूतला ट्रबलशूट मोड हेच काम करतो.

मजकूर सिलेक्ट केल्यावर उमटणाऱ्या चिन्हाबाबत ही तपासणी टाळू नका. असं एक्स्टेन्शन प्रत्येक पानावरचा मजकूर वाचू शकतं, आणि त्यात बँकेचं पानही आलं.

३. बटण लपवलं होतं की सुविधा बंद केली होती?

सर्वांत जास्त चूक इथे होते. टूलबारवरच्या बटणावर राइट क्लिक करून ‘अनपिन’ केलं की बटण दिसेनासं होतं, सुविधा चालूच राहते. शॉर्टकट चालतो, राइट क्लिकची ओळ राहते आणि पुढच्या अपडेटला बटणही परत येऊ शकतं. बंद करायचं ते सेटिंगमध्ये.

फायरफॉक्समध्ये आधी आवृत्ती पाहा. १४८ पासून सेटिंगमध्ये एआय कंट्रोल्स नावाचा वेगळा भाग आहे. २०२५ च्या डिसेंबरात फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्याला एआय ब्राउझर करण्याची दिशा जाहीर केली, वापरणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, आणि त्यानंतर २०२६ च्या फेब्रुवारीत हा भाग आला. त्यात सगळ्यात वर एकच मोठं बटण आहे, एआय ब्लॉक करण्याचं. त्याचं महत्त्व असं की ते आजच्या सुविधांबरोबर पुढे येणाऱ्यांनाही लागू होतं. मेमध्ये येणाऱ्या सुविधेला मार्चमधला नकार इथे खरोखर मोजला जातो. मात्र त्याने पानांचं भाषांतर आणि पीडीएफमधल्या चित्रांचं आपोआप लिहिलं जाणारं वर्णनही बंद होतं. फायरफॉक्सचं भाषांतर तुमच्याच संगणकावर होतं, पानाचा मजकूर बाहेर पाठवत नाही. ते हवं असेल तर मोठं बटण चालू ठेवून खाली फक्त भाषांतराला परवानगी द्या. मी तरी भाषांतर चालू ठेवा असंच सांगेन.

१४८ च्या आधीची आवृत्ती असेल तर पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग टाइप करा, इशारा स्वीकारा आणि या तीन किल्ल्या शोधून ‘फॉल्स’ करा: ब्राउझर.एमएल.चॅट.एनेबल्ड, ब्राउझर.एमएल.लिंकप्रिव्ह्यू.एनेबल्ड आणि ब्राउझर.टॅब्स.ग्रुप्स.स्मार्ट.एनेबल्ड. पहिली चॅटबॉटची, दुसरी लिंकच्या सारांशाची, तिसरी टॅबच्या गटांना नावं सुचवणारी. पण जमत असेल तर ब्राउझर अपडेट करणंच बरं. सुरक्षिततेसाठीही ते लागतंच.

क्रोममध्ये क्रोम://सेटिंग्ज/एआय हे पान उघडा. तिथे प्रत्येक सुविधेला वेगळं बटण असतं: लिहायला मदत, टॅबची तुलना, एआयने हिस्टरीत शोधणं वगैरे. तुमच्या देशात आणि खात्यात जे आलंय तेवढंच दिसतं. सगळं एका फटक्यात बंद करणारं बटण या पानावर नाही, म्हणून दर मोठ्या अपडेटनंतर इथे एक नजर टाकावी लागते. हिस्टरीतल्या शोधाकडे विशेष लक्ष द्या. त्यासाठी ब्राउझर तुम्ही पाहिलेल्या पानांतला मजकूरही साठवतो, नुसती शीर्षकं आणि पत्ते नव्हेत. सायबर कॅफे, ग्रंथालय, घरातला सामायिक संगणक अशा ठिकाणी ते बंदच हवं.

एजमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत कोपायलट टाइप करा, कारण या सुविधांची जागा आवृत्तीगणिक हलत आली आहे. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा: बटण दाखवायचं की नाही, आणि उघड्या पानाचा मजकूर कोपायलटला वाचू द्यायचा की नाही. आधी दुसरी बंद करा. बटण दिसण्याने फार तर जागा अडते, पण मजकूर वाचण्याची परवानगी राहिली तर तुमचं पान बाहेर जाऊ शकतं. ब्रेव्हमध्ये लिओ या त्याच्या एआय सहायकाच्या स्वतंत्र पानावर साइडबारमधलं चिन्ह, पत्त्याच्या पट्टीतली सूचना आणि राइट क्लिकची ओळ वेगवेगळी बंद करावी लागते.

४. प्रोफाइल, फोन आणि रिफ्रेश

सेटिंग प्रोफाइलपुरतं असतं. घरात एका क्रोममध्ये तीन प्रोफाइल असतील तर तिन्हींत बंद करावं लागतं, आणि फोनवरचा ब्राउझर वेगळाच धरायचा. फायरफॉक्समध्ये सिंक चालू असलं तरी अबाउट:कॉन्फिगमधल्या सगळ्या किल्ल्या दुसऱ्या यंत्रावर जात नाहीत.

ब्राउझर मंद झाला म्हणून कोणी फायरफॉक्स ‘रिफ्रेश’ केला असेल तर बदललेल्या सगळ्या किल्ल्या मूळ स्थितीत गेलेल्या असतात. आठवून पाहा, दुरुस्तीवाल्याने तेच केलं नाही ना. याच्या उलटही घडतं: किल्ली बदलली, ब्राउझर बंद करून उघडला, की पुन्हा जुनीच किंमत. असं दर वेळी होत असेल तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये यूजर.जेएस नावाची फाइल आहे का बघा. फायरफॉक्स सुरू होताना तिच्यातल्या किमती प्रत्येक वेळी वरून लादतो. त्या फाइलमधली ओळ बदलल्याशिवाय काही टिकणार नाही.

५. फ्लॅग आणि सर्व्हरवरून येणारे प्रयोग

व्हिडिओ बघून क्रोम://फ्लॅग्ज या प्रायोगिक सुविधांच्या पानावर काही ‘डिसेबल्ड’ केलं असेल तर तो उपाय तात्पुरता होता. फ्लॅग हे चाचणीसाठी असतात, काही आवृत्त्यांनंतर काढून टाकले जातात आणि त्यांच्याबरोबर तुमचा बदलही जातो. कायमच्या बंदोबस्तासाठी फ्लॅगवर विसंबू नका.

आवृत्ती एकच असून दोन लॅपटॉप वेगळे का वागतात याचं उत्तरही इथेच आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही नव्या सुविधा सर्व्हरवरून टप्प्याटप्प्याने चालू करतात, आज काहींना, पुढच्या आठवड्यात आणखी काहींना. त्यासाठी अपडेटही लागत नाही. फायरफॉक्समध्ये गोपनीयतेच्या पानावर ‘स्टडीज’ची, म्हणजे अशा प्रयोगांची, परवानगी काढून घेता येते, आणि काय काय चाललंय ते अबाउट:स्टडीज वर दिसतं.

६. पंखा आणि ४ जीबी: संगणकावर उतरवलेलं मॉडेल

विंडोजवर फाइल एक्सप्लोररमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरपासून अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, यूजर डेटा असं आत जा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, आधी ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा. तिथे ऑप्टगाइडऑनडिव्हाइसमॉडेल असं सलग नाव असलेलं फोल्डर सापडतं. त्याच्या आत आवृत्तीच्या आकड्याचं आणखी एक फोल्डर, आणि त्यात वेट्स.बिन नावाची एकच अवाढव्य फाइल, साधारण ४ जीबीची. हे जेमिनी नॅनो, म्हणजे तुमच्याच संगणकावर चालणारं मॉडेल.

नुसतं फोल्डर डिलीट करून उपयोग नाही. क्रोमचा घटक-अपडेटर ते पुन्हा उतरवतो, आणि तुमचा ४ जीबी डेटा दुसऱ्यांदा जातो. ते कोणाकडे उतरतं हे गूगलच्या अटींवरून कळतं: प्रोफाइल असलेल्या ड्राइव्हवर किमान २२ जीबी मोकळी जागा, पुरेसं ग्राफिक्स कार्ड किंवा १६ जीबी रॅम, आणि मीटर्ड (डेटा मोजून वापरायचं म्हणून नोंदवलेलं) नसलेलं इंटरनेट. मोकळी जागा १० जीबीच्या खाली गेली की क्रोम ते स्वतः काढून टाकतो. फोनच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ते वायफाय मीटर्ड म्हणून नोंदवा, हा सर्वांत स्वस्त उपाय. नव्या आवृत्त्यांत क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली संगणकावरच्या एआयचं बटण दिसत असेल तर ते बंद करा, ब्राउझर पूर्ण बंद करा आणि मग फोल्डर काढा. हा क्रम पाळा.

काढण्याआधी एक गोष्ट तोला. संगणकावरच्या मॉडेलकडे गेलेला मजकूर त्या कामासाठी बाहेर पाठवावा लागत नाही. शिवाय सेफ ब्राउझिंगचं, म्हणजे धोकादायक पानांपासून वाचवणाऱ्या सुविधेचं, एन्हान्स्ड संरक्षण चालू असेल तर क्रोम १३७ पासून, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरला फोन करा’ छापाची फसवी पानं ओळखायला हेच मॉडेल वापरतो. घरातली वयस्कर माणसं तो लॅपटॉप वापरत असतील तर मी ते ठेवीन. आक्षेप आहे तो न विचारता ४ जीबी उतरवण्याला, आणि तो रास्तच आहे.

फायरफॉक्समध्ये पंखा फिरत असेल तर अबाउट:प्रोसेसेस उघडा. यादीत इन्फरन्स नावाची प्रक्रिया प्रोसेसर खात असेल तर कारण सापडलं. २०२५ च्या उन्हाळ्यात १४१ आवृत्तीत टॅबच्या गटांना नावं सुचवणारी सुविधा आल्यावर हीच तक्रार वाढली होती. अ‍ॅड-ऑनच्या पानावर ‘संगणकावरचं एआय’ अशा अर्थाचा विभाग असतो, उतरवलेली मॉडेलं तिथून काढता येतात.

७. पॉलिसी: शेवटचा आणि पक्का उपाय

पॉलिसी ही सेटिंगच्या वरची पायरी. तिथे बंद केलं की प्रोफाइल बदललं, रिफ्रेश केलं, अपडेट आलं तरी ते बंदच राहतं. पण हे फक्त स्वतःच्या मालकीच्या संगणकावर आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमचा असेल तरच.

विंडोजवर रजिस्ट्री एडिटर (विंडोजची आतली सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम) उघडा. आधी ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत ठेवा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या मार्गावर जा. शेवटची दोन फोल्डरं नसतील तर तयार करा. तिथे दोन ३२ बिट डीवर्ड किमती घाला. जेनएआयडिफॉल्टसेटिंग्ज या नावाची, किंमत २. जेनएआयलोकलफाउंडेशनलमॉडेलसेटिंग्ज या नावाची, किंमत १.

पहिल्यात बरेच जण १ टाकतात आणि बंद झालं असं समजतात. १ चा अर्थ असा की सुविधा चालू राहील, फक्त तुमचा मजकूर मॉडेल सुधारायला वापरला जाणार नाही. २ म्हणजे बंद. दुसऱ्यात मात्र १ म्हणजेच मॉडेल उतरवू नका. आकड्यांचा अर्थ पॉलिसीगणिक बदलतो, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

मग क्रोम://पॉलिसी उघडून पॉलिसी पुन्हा लोड करा. दोन्ही नावांसमोर स्थिती ‘ओके’ दिसायला हवी. नाव अनोळखी असल्याचं सांगत असेल तर स्पेलिंग चुकलंय. यानंतर मेनूच्या तळाशी ‘तुमची संस्था ब्राउझर व्यवस्थापित करते’ अशी ओळ येईल. घाबरू नका, ती संस्था तुम्हीच. नको झालं तर त्या दोन किमती काढून टाका.

फायरफॉक्समध्ये प्रोग्रॅमच्या फोल्डरात डिस्ट्रिब्यूशन नावाचं फोल्डर आणि त्यात पॉलिसीज.जेसन फाइल लागते. जनरेटिव्हएआय या पॉलिसीत एनेबल्ड ‘फॉल्स’ आणि लॉक्ड ‘ट्रू’ ठेवा. अबाउट:पॉलिसीज वर ती दिसली नाही तर चुका दाखवणारा विभाग बघा. बहुतेक वेळा एखादा स्वल्पविराम कमीजास्त झालेला असतो.

संमतीबद्दल कायदा काय म्हणतो

युरोपात या प्रश्नाचा निकाल कुकींच्या निमित्ताने लागला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट ४९ प्रकरणात युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ६ मध्ये संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं असं म्हटलं आहे. संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठरली.

पण प्रत्येक बटण या कायद्यात बसत नाही. तुमचा वैयक्तिक डेटा बाहेर जात असेल तिथे तो लागू होतो. नुसतं चिन्ह दाखवण्याला नाही. नकार दिल्यावरही तीच खिडकी पुन्हा पुन्हा पुढे करण्याला मात्र केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव आहे. डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा भरीस पाडणाऱ्या मांडणीच्या, १३ प्रकारांत सतत मागे लागणं हाही एक प्रकार आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते. तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा: बंद केल्याचा एक, अपडेटनंतर चालू दिसल्याचा दुसरा. ब्राउझरच्या आवृत्तीचा आकडाही त्यात दिसू द्या.

कुठे थांबायचं

ऑफिसचा, बँकेचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल आणि बटण करडं दिसत असेल, तर तिथेच थांबा. रजिस्ट्रीला हात लावू नका. ते सेवाशर्तींचं उल्लंघन ठरू शकतं, आणि पॉलिसी थोड्या वेळाने परत येतेच. क्रोम://पॉलिसी किंवा एज://पॉलिसी या पानाचा स्क्रीनशॉट काढून आयटी विभागाला द्या आणि नेमकं विचारा: एआयला उघड्या पानाचा मजकूर वाचता येतो का, तो कोणाच्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो.

घरचा संगणक आहे, पॉलिसी तुम्ही घातलेली नाही, तरी त्या पानावर अनोळखी नावं दिसताहेत, सर्च इंजिन किंवा एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवलेलं आहे: हे एआयचं प्रकरण राहिलेलं नाही. असं बहुधा घुसखोर सॉफ्टवेअर करतं. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार थांबवा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि जाणकार तंत्रज्ञाकडे द्या. जाताना सेटिंगचे स्क्रीनशॉट द्या, आणि ‘फॉरमॅट करण्याआधी मला विचारा’ असं स्पष्ट सांगा.

आणि वकील, सीए, डॉक्टर यांच्यासाठी: अशिलाचे किंवा रुग्णाचे कागद उघडे असताना साइडबारने त्यांचा सारांश केलेला आढळला, तर आधी बटणं बंद करत बसू नका. त्या खात्यातला चॅटचा इतिहास उघडा, काय गेलं आणि कधी गेलं ते लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा, आणि इतिहास डिलीट करण्याआधी डेटा संरक्षणाचं काम जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.